प्रभूची खुर्ची

आमच्या घरात देवाला बसायला जागा नव्हती. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण जागा तशी कुणालाच नव्हती.

वाशीमला माझं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की आतली जळकी तार काढून नवी तार गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. दुकान घराला लागूनच आहे, पानटपरीपेक्षा चार बोटं मोठं. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले की विजेचा दाब खालीवर होतो आणि साऱ्या जिल्ह्याच्या मोटरी जळायला लागतात. आसेगावच्या, केनवडच्या, इंझोरीच्या मोटरी माझ्याकडे येऊन पडतात. दुकानात मावत नाहीत त्या घरात येतात. बैठकीत भिंतीला लागून मोटरी, दिवाणाखाली मोटरी, टीव्हीच्या टेबलाखाली मोटरी. लोकांच्या घरी पाहुण्याला 'या, बसा' म्हणतात, आमच्याकडे 'या, जपून' म्हणतात.

नाताळाच्या आधीचे चार रविवार आम्ही ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणून पाळतो. त्या वर्षी पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी मोठा कळवळून संदेश दिला. प्रभू जन्माला आला तेव्हा उतारशाळेत त्याला जागा मिळाली नाही. आज तो तुमच्या दाराशी आला तर तुमच्याकडे तरी जागा आहे का? अडगळ काढा, प्रभूसाठी जागा करा, असं म्हणताना पाळकसाहेब थेट माझ्याकडे पाहत होते. (बायकोचं म्हणणं, ते घड्याळाकडे पाहत होते आणि घड्याळ माझ्या डोक्यावर आहे.)

त्यांना मनातली अडगळ म्हणायची होती, एवढं मला कळत होतं. पण मनातली अडगळ काढायची तर सुरुवात कुठून करायची, हा मोठा प्रश्न असतो. मोटरी निदान डोळ्यांना दिसतात.

घरी आल्याबरोबर मी जाहीर केलं, "आपुन प्रभूसाठी जागा करायची."

"कुठं?" बायकोने विचारलं. तिचं नाव सुलभा, पण प्रश्न नेहमी अवघड विचारते.

"बैठकीत. ते वेताची खुर्ची प्रभूची. नाताळापावतर तिच्यावर कोनी बसाचं नाई."

आईला ही कल्पना एकदम पटली. "तुया बापाले जल्मात सुचलं नाई ते तुले सुचलं," ती म्हणाली. मला फार धन्य वाटलं.

"आन् ह्या मोटरी?" सुलभा म्हणाली.

"सरकवू तिकडं."

"लोकायच्या लोकायले भरून देल्ल्या तं आपोआप सरकतीन."

"सुलभा, हा आध्यात्मिक विषय हाय," मी म्हणालो.

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांशी बोलू लागली.

मी मोटरी सरकवल्या. काही जिन्याखाली गेल्या, काही न्हाणीच्या बोळात गेल्या, एक आईच्या खोलीत गेली आणि आईने तिच्यावर औषधांचा डबा मांडला. खिडकीपाशी एक पाच हॉर्सपॉवरची मोटर होती, ती कुणाच्या बापाला हलेना. तिच्यावर मी एक लाकडी फळी टाकली आणि वरून आईने भरतकाम केलेली 'सुस्वागतम्'ची चादर घातली. दिसायला ती चांगली बसायच्या मोढ्यासारखी दिसू लागली. भिंतींना रंग दिला, नवे पडदे लावले आणि मोकळ्या झालेल्या जागेत मधोमध वेताची खुर्ची मांडली. घरातली हात टेकायला जागा असलेली ती एकमेव खुर्ची.

याच दिवसांत आमच्या घरी आणखी एका आगमनाची वाट पाहणं चालू होतं. माझी धाकटी बहीण एस्तेर पोस्टात नोकरीला आहे. तिला पाहायला आजवर बरेच लोक आले, पोहे खाऊन गेले आणि 'कळवतो' म्हणाले. शेवटी तिनेच सांगून टाकलं, की आता मी कुणापुढे ट्रे घेऊन यायची नाही. मग मेहकरच्या एका स्थळाची गोष्ट निघाली. मुलगा शमुवेल, शाळेत इतिहास शिकवतो. वडील निवृत्त हेडमास्तर. दोघांचं एकदा फोनवर बोलणं झालं. मग परत झालं. मग एस्तेर गच्चीवर जाऊन बोलू लागली आणि खाली आल्यावर काय झालं विचारलं की 'बघू' म्हणू लागली. एस्तेरचं 'बघू' म्हणजे दुसऱ्या कुणाचं 'हो'. मेहकरचे लोक नाताळाच्या आत एखाद्या रविवारी येऊन जातो म्हणाले होते. हे स्थळ हातचं जाऊ नये असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, आणि मला सगळ्यांत जास्त, कारण आधीचे दोन नकार माझ्या तोंडामुळे आले असं घरात मानतात.

तर खुर्ची. प्रभूसाठी जागा करणं सोपं आहे, ती रिकामी ठेवणं महाकठीण. समोर कांतीशेठचं किराणा दुकान आहे. शेठ रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आमचा पेपर वाचायला येतात आणि ह्याच खुर्चीत बसतात. त्यांना पहिल्या दिवशी उठवलं. दुसऱ्या दिवशी मीटरचं रीडिंग घेणारा बसला. नंतर तर कहर झाला. मी उपासनेच्या गाण्यांचा सराव करून घरी आलो, तो प्रभूच्या खुर्चीत इंझोरीचं एक गिऱ्हाईक घोरत होतं. मी 'राखीव' अशी पाटी लावली. लोक पाटी वाचायचे, उचलून बाजूला ठेवायचे आणि बसायचे.

"रुमाल टाका," सुलभा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. आपल्याकडे पाटीला कोण विचारतो? पण एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल पाहिला की भलाभला माणूस मागे सरतो. रुमाल म्हणजे मालक येतोच आहे. मी माझा धुतलेला रुमाल खुर्चीवर पसरला आणि त्या दिवसापासून खुर्चीला कुणाचं बोटही लागलं नाही.

सकाळी कांतीशेठ आले. रुमाल पाहून थबकले. आई दिवाणावर मेथी निवडत बसली होती.

"कोनाचा रुमाल हाय?" शेठने विचारलं.

"प्रभू येनार हाय," आई म्हणाली.

शेठ जैन. आमच्या देवाला ते पहिल्यापासून येशूबाबा म्हणतात. आमच्या तोंडून 'प्रभू' ऐकल्यावर त्यांना ते कुणा माणसाचं, बहुधा एस्तेरला पाहायला येणाऱ्याचं, नाव वाटलं. ते दिवाणाच्या कडेला टेकले.

"कोन प्रभू?"

"आमचा प्रभू. दुसरा कोन?"

"कवा येनार?"

"ते कोनालेच ठाव नाई. अचानक येनार. आपुन आपलं तयार राह्यलं पाह्यजे."

शेठने नव्या पडद्यांकडे पाहिलं, रंगाकडे पाहिलं. "असे अचानक येनारे लोक लय बारीक पाह्यतेत," ते म्हणाले. "एकटाच येते, का संग कोनी हाय?"

"संग दूत असतीन नं."

"म्हंजे मध्यस्थ," शेठ म्हणाले. "बाप काय करते त्याचा?"

"सुतारकाम."

"आन् तो सोता?"

"तो साऱ्या दुनियेचं पाह्यते."

"समाजसेवा," शेठ जरा निराश झाले. "राह्यते कुठं?"

आईने मेथीची काडी वर केली. "वर."

"फ्लॅट," शेठ म्हणाले. "पुन्याले असंन."

हे बोलणं मला नंतर आईनेच सांगितलं. तिच्या मते शेठ त्या दिवशी धर्माबद्दल फार आस्थेने विचारत होते.

कांतीशेठच्या दुकानात जी गोष्ट सकाळी शिरते ती तेलाच्या पुड्याबरोबर दुपारपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात पोहोचते. दोन-तीन दिवसांत लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले. चहावाला म्हणाला, "विलासभाऊ, प्रभू आला का?"

"अजून नाई. पन येनार. कोनत्याई घडीले."

"आमाले बलावसान नं?"

"सगळ्यायले बलावनं हाय," मी म्हणालो. मी त्याचा हात हातात घेतला.

"जेवन?"

"मेजवानी हाय, मेजवानी. त्याच्या बापाच्या घरी."

"मंग मी दुकान बंद ठेवतो त्या दिवशी," चहावाला म्हणाला.

भाजीवाली विचारू लागली, न्हावी विचारू लागला, वीज मंडळाचा लाइनमन खांबावरून विचारू लागला. माझ्या एका खुर्चीने सारा बाजार भक्तीला लागला, अशी माझी खात्री पटली. मी पाळकसाहेबांना सांगितलं. तेही हेलावले. म्हणाले, "तायडे, बी पेरलं गेलं." मी त्या आठवड्यात जरा हळू चालायला लागलो. (पोहोचलेले लोक घाईने चालत नाहीत.)

आता केनवडच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगायला हवं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नाव नसतं, गाव असतं. 'केनवडवाला आला होता', 'आसेगावले उद्या सांग', असं आमचं चालतं. तर एका केनवडवाल्याची मोटर माझ्याकडे दिवाळीपासून पडून होती. तो दर चार-आठ दिवसांनी दारात यायचा, मी 'उद्या या' म्हणायचो आणि तो केनवडला परत जायचा. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी तो असाच वाशीमला आला आणि चहापत्ती घ्यायला कांतीशेठच्या दुकानात शिरला.

"गाव कोनतं?" शेठने सवयीने विचारलं.

"केनवड."

"नाव?"

"प्रभू."

शेठने हातातला तराजू खाली ठेवला. "तूच का तो प्रभू? मंग पुन्याचा नाई तू?"

"नाई बा."

"एकटाच आला?"

"एकटाच येतो मी. काहून?"

शेठने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगात वावरातला सदरा, पायाला माती. "कपडे तरी धड घालाचे होते गड्या," शेठ म्हणाले. "जाय समोर, तायडेच्या घरी. सारं घर तुयी वाट पाहून राह्यलं. रंग मारला, पडदे लावले, तुयासाठी खुर्ची राखून ठेवली."

इतके दिवस 'उद्या या' ऐकलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? त्याला वाटलं, मोटर झाली.

इकडे आमच्या घरी मेहकरचे लोक नुकतेच टेकत होते. उपासना संपवून आम्ही घरी आलो, आणि मागोमाग हेडमास्तर गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि शमुवेल दारात. आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या नाताळाच्या कार्यक्रमासाठी चर्चला गेलेल्या. बाई आणि शमुवेल आईशेजारी दिवाणावर बसले. गुरुजी सरळ वेताच्या खुर्चीकडे निघाले.

"गुरुजी, ते नोको," मी आडवा झालो. "ते प्रभूची हाय." आणि आमचा सगळा उपक्रम त्यांना समजावून सांगितला.

"वा. उत्तम प्रथा आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचं बोलणं शाळेतल्यासारखं स्वच्छ. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आत ते 'सुस्वागतम्'वर जाऊन बसले.

"आसन फार भक्कम आहे," ते म्हणाले.

"पाच हॉर्सपॉवर," मी मनात म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पांढरास्वच्छ पायजमा घातलेला निवृत्त हेडमास्तर एकदा ऐसपैस बसला, की त्याला 'उठा, तुमी जळक्या मोटरीवर बसले' हे सांगायला फार मोठं काळीज लागतं. मी उंबऱ्यावर टेकलो आणि हसत राहिलो.

बाकी सगळं छान चाललं होतं. चहा झाला तेव्हा ट्रे शमुवेलच घेऊन आला आणि एस्तेर मागून मोकळ्या हातांनी आली. त्याच्या आईच्या भुवया जरा वर गेल्या, पण त्यांनी कप उचलला. एस्तेरने त्याच्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या बहिणीसाठी फार बरं वाटलं. आता एवढं सुरळीत पार पडू दे, असं मी म्हणतोय तोच दारात सावली पडली.

"राम राम," सावली म्हणाली. "मी प्रभू."

आईच्या हातातली चिवड्याची बशी तिथेच थांबली. एक क्षण तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"केनवडचा," तो म्हणाला.

मग तो सरळ आत आला. खुर्चीवरचा रुमाल उचलला, नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि बसला. "शेठनं सांगतलं मले. एवढं कायले करता विलासभाऊ? खुर्ची काय, पडदे काय. मी तं फक्त तिले न्यायले आलो."

"कुणाला?" गुरुजींनी विचारलं.

"माह्यीले. दिवाळीपासून यायच्या घरी हाय ते."

खोलीत कुणी चहाचा घोट घेईना. मी 'मोटर' एवढा एक शब्द उच्चारला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मोटर म्हटलं की 'कुठं हाय' हा पुढचा प्रश्न येणार, आणि ती कुठे आहे आणि तिच्यावर कोण बसलंय हे मला चांगलं ठाऊक होतं.

"प्रभूभाऊ, आपुन जरा बाहेर बोलू," मी म्हणालो.

"बाहेर कायले? मी काय चोरी करून राह्यलो? चार लोकायसमोर सांगा, आज देता का नाई. मी येतो, हे म्हनतेत उद्या ये. उद्या आलो का परत उद्या."

"तुमची म्हणजे... ठरलेली?" शमुवेलच्या आईने विचारलं.

"ठरेल कायची? माह्या घरचीच हाय बाई. बापाच्या टायमापासून."

बाईंनी कप खाली ठेवला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाकडे पाहिलं.

"तिच्याबिना माह्यं काई चालत नाई," प्रभू म्हणाला. "आता थे बिघडली हे मले मान्य हाय. याच्या आंधी बी एकडाव बिघडली होती. पन म्हनून काय मी तिले सोडून देऊ?"

गुरुजींनी चष्मा काढला. हेडमास्तरने चष्मा काढला की पुढे काय होतं हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. ते हळूहळू उठायच्या बेतात आले, आणि मला दिसलं की माझ्या बहिणीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडतंय, आणि ते वाचवणारा शब्द माझ्या तोंडात असून मला तो काढता येत नाही.

तेवढ्यात प्रभू एस्तेरकडे वळला. "ताई, तुमी तरी सांगा तुमच्या भावाले."

"ताई?" गुरुजी थांबले.

"मग ती म्हणजे कोण हो?" शमुवेलने शांतपणे विचारलं. इतिहासाचा माणूस, त्याला मूळ कागदपत्रं पाहायची सवय.

"मोटर. दुसरी कोन?" प्रभू म्हणाला. "पाच एचपीची. कुठं ठेवली, विलासभाऊ?"

माझी नजर खिडकीकडे गेलीच. माझ्या नजरेमागून सगळ्यांची गेली. गुरुजींनी स्वतःच्या खाली पाहिलं, उठले आणि चादरीचं एक टोक उचललं. फळीखाली केनवडची मोटर जशी होती तशी बसलेली होती. फळी जुन्या दुकानातली, ग्रीसने माखलेली. चादरीतून ग्रीस वर आलं होतं, आणि गुरुजींच्या पायजम्यावर मागच्या बाजूला एक काळा गोल उमटला होता.

एस्तेर हसली. ती तोंड दाबून हसत नाही, भिंतीला धरून हसते. मग शमुवेल हसला, आणि चिवड्याची बशी ठेवून आईसुद्धा. गुरुजी मात्र हसले नाहीत.

"ह्या गृहस्थांना तुम्ही दिवाळीपासून उद्या या म्हणता?" त्यांनी मला विचारलं.

"हो सर." (गुरुजीवरून मी सरवर कधी आलो ते मला कळलं नाही.)

"आणि आम्ही मुलाचं लग्न ठरवायला आलो, तर आम्हालाही उद्या?"

"नाई सर."

"आधी यांची मोटर द्या. मग आपली बोलणी. नाही तर आम्ही पुढच्या गाडीने परत जातो."

एस्तेरचं हसू थांबलं. ती माझ्याकडे पाहत होती. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"पन आज रविवार," मी आईकडे वळलो. "प्रभूच्या दिवशी आपुन दुकान उघडत नाई."

"उघड," आई म्हणाली. "प्रभू सोता येऊन बसला हाय."

प्रभूने आणि शमुवेलने मोटर उचलून दुकानात नेली. (ती कुणाच्या बापाला हलेना असं मी वर म्हटलं आहे. त्या दोघांना हलली.) गुरुजी माझ्यामागे येऊन हात पाठीशी बांधून उभे राहिले, परीक्षेच्या वर्गात राहतात तसे. मोटर भरायला अख्खा दिवस जातो. मी नट काढले, झाकण उघडलं आणि आत पाहून माझ्या कानशिलांना घाम फुटला. मोटर जळालेलीच नव्हती. जोडणीची एक वायर सुटून काळी पडली होती. इतके दिवस मी झाकणच उघडलं नव्हतं. मनात आलं, की निदान तासभर इकडेतिकडे ठोकत बसावं, म्हणजे कामाचा मान राहील. पण पाठीमागून गुरुजी म्हणाले, "तुटलेली दिसते ती वायर." मी ती जोडली. चहा निवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

लाइन दिली, मोटर घुमू लागली. प्रभूने डोकं एका बाजूला कलतं करून तिचा आवाज ऐकला. "चालली," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "हरभरा वाचला बाप्पा." माझ्या दुकानातला उद्या म्हणजे ह्या माणसाच्या वावरात काय होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

पुढची बोलणी प्रभूसमोरच झाली. तो उठून निघाला होता, पण गुरुजींनी त्याला परत त्या खुर्चीत बसवलं, म्हणाले, "तुम्ही साक्षीदार." आईने त्याला नवा चहा दिला. ईस्टरनंतरची तारीख धरायचं ठरलं. गुरुजींनी एस्तेरला विचारलं, "बेटा, तुझं काय?" सगळे 'बघू'ची वाट पाहत होते. ती "हो" म्हणाली. खुर्चीतून प्रभू म्हणाला, "पोरगं चांगलं हाय ताई. वजन उचलते." मेहकरच्या बाईही तेव्हा हसल्या.

मी या वेळी न्हाणीच्या बोळात गुरुजींच्या पायजम्याला रॉकेल चोळत होतो. घरातला कर्ता पुरुष मीच. पण बहिणीचं लग्न ठरल्याची बातमी मला सुलभाने बोळाच्या तोंडाशी उभं राहून दिली. गुरुजी माझी लुंगी नेसून मेहकरला गेले.

सगळे गेल्यावर आई त्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन बसली. मग म्हणाली, "तो दिवाळीपासून तुया दाराशी येऊन राह्यला होता. तू त्याले उद्या ये म्हने. आन् इकडं रुमाल टाकून खुर्ची कोनासाठी ठेवली होती म्हनतं?"

मी रुमाल खिशात घातला आणि दुकान बंद करायला निघालो. दिवस मावळायला आला होता. दारात आसेगावचं एक गिऱ्हाईक उभं होतं, बिचारं दारातच, चपला हातात घेऊन.

"भाऊ, माह्यी झाली का?"

'उद्या' माझ्या ओठांवर आलेलाच होता, अर्धा बाहेरही पडला होता. पण आतून आईचं खाकरणं ऐकू आलं. म्हणून मी, एवढ्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला आधी नाव विचारलं.

"भगवान," तो म्हणाला.

मी त्याला बसा म्हटलं आणि पक्कड शोधायला लागलो.